जुनं रबर अख्खं होतं ना?

डब्याचं झाकण उघडलं आणि कानसकाकांच्या काळजात धस्स झालं.

डबा कसला, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात पिना, स्प्रिंगा, उरलेसुरले स्क्रू. काकांना हवी होती एक बारीक पिन. पण सगळ्यात वर पडलं होतं ते काळं रबर. वीस मिनिटांपूर्वी सुनेच्या पिस्तुलातून काढून, त्याच्याकडे न बघताच त्यांनी ते डब्यात भिरकावलं होतं. कोटाच्या बटणाएवढी चपटी चकती, मध्ये भोक. आणि एका कडेने तिचा लचका तुटलेला. नखाएवढा तुकडा गायब.

त्यांनी डबा टेबलावर उपडा केला. तुकडा नाही. पुसायचं फडकं झटकलं. नाही. गुडघे कुरकुरत असताना टेबलाखाली वाकून फरशी हाताने चाचपली. नाही. मग गेला कुठे? कुठे जाणार, कपाळ! पिस्तुलातच राहिला. पिस्तूल सुनेच्या कमरेला, आणि सून निघाली होती निवडस्पर्धेच्या शेवटच्या फेरीला.

कानसकाका म्हणजे त्या नेमबाजी क्लबचे मिस्त्री. खरं नाव क्लबच्या वहीत असेल, पण चाळीस वर्षं कानस हातात धरून बसलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? शिवाय बोलणंही तसंच, खरवडणारं. आणि क्लबात त्यांनी सगळ्यात जास्त खरवडलं असेल तर ते या रबरावरून.

भांडण जुनंच. गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, तो झपकन मागे येतो आणि खालच्या सांगाड्यावर आपटतो. रोज दोनदोनशे गोळ्या झाडणाऱ्यांची पिस्तुलं अशी आपटून आपटून चिरतात. म्हणून आपटण्याच्या जागी ही रबराची चकती घालायची. काहीजण म्हणतात, सांगाडा वाचतो, धक्का मऊ होतो, नेम लवकर जागेवर येतो. काका म्हणायचे, "लोखंडाला उशी कशाला? स्प्रिंग वेळेवर बदला की! रबर आज ना उद्या फाटणार, आणि फाटलं की तुकडा नको तिथे जाऊन बसणार."

अशा तापट म्हाताऱ्याच्या घरात सून म्हणून आली ती दातांची डॉक्टर! ती नेम धरायला शिकली काकांकडूनच, पण डोकं स्वतःचं. तिने रबर घालून आणि न घालता, महिनाभर मोजून पाहिलं आणि जाहीर केलं, "बाबा, रबर राहणार." काकांनी नाक मुरडलं, पण एक अट घातली. हजार गोळ्यांनंतर रबर बदलायचं, आणि काढलेलं रबर उजेडात धरून अख्खं आहे की नाही ते बघायचं. अख्खं नसेल तर तुकडा सापडेपर्यंत पिस्तूल कुणाच्या हातात द्यायचं नाही.

ही अटही काकांनी सुनेकडूनच उचललेली. तिने त्यांची दाढ काढली होती, तेव्हा दाढ बशीत न टाकता ती आधी दिव्याखाली फिरवून फिरवून बघत राहिली. "काय बघतेस? विकायची आहे का?" असं काकांनी बोळा भरल्या तोंडाने विचारलं. ती म्हणाली, "मुळं अख्खी आली का ते बघतेय. टोक आत राहिलं तर आठ दिवसांनी तुम्ही रडत याल." काकांना ते भलतंच पटलं. क्लबच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: जुनं रबर अख्खं आहे का बघा.

आणि आज ती पाटी लावणाऱ्यानेच बघितलं नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

का नाही बघितलं? रागाने. दुसरं काही नाही. दुपारच्या सुट्टीत डबा खाताना कुणीतरी सुनेला विचारलं, "डॉक्टर, आज हात एवढा स्थिर कसा?" ती हसून म्हणाली, "रबराची कृपा. आमच्या बाबांना सांगू नका." सगळे खो खो हसले. तीही चिडवायलाच म्हणाली होती, घरात रोज म्हणायची तशी. पण चारचौघांत ते काकांना झोंबलं. तोंड फुगवून त्यांनी पिस्तूल उघडलं, त्या रबराचं तोंडही बघायचं नाही अशा थाटात ते काढून डब्यात फेकलं, नळी पुसली, नवं रबर सरकवलं आणि "घे तुझी कृपा" म्हणून पिस्तूल तिच्या पुढ्यात ठेवलं.

आता ते तुटकं रबर मुठीत घेऊन काका पळत सुटले. पळणं कसलं, पासष्टाव्या वर्षी लगबगच ती. पिस्तुलाच्या आत घोडा, म्हणजे गोळीवर आघात करणारी हातोडी, अडवून धरणारा एक खटका असतो. स्पर्धेच्या पिस्तुलात त्याची पकड केसाएवढीच ठेवतात, चाप हलका लागावा म्हणून. ती पकड काकांनीच घासून घासून हलकी केली होती. त्या खाचेत रबराचा कण बसला, की घोडा धरला जायचा नाही. चाप न ओढता गोळी सुटेल. पहिल्या गोळीच्या धक्क्याने हात वर उडालेला असतानाच दुसरी सुटेल, आणि ती कुठे जाईल ते कुणी सांगावं? तरुणपणी काकांनी असं एकदा पाहिलं होतं, स्लाइड मिटायच्या आत गोळी हातातच फुटलेली. त्या माणसाने पुढे उजव्या हाताने कधी पेन धरलं नाही.

आणि ही तर दातांची डॉक्टर! तिचे हात! काकांच्या डोळ्यांपुढे तिची बोटं आली, रबरी मोज्यातली, बारीक आरसा धरलेली. गावाला गेलेला मुलगा सकाळीच फोनवर म्हणाला होता, "बाबा, तिच्याकडे लक्ष असू द्या." "तू नको शिकवू मला," असं काकांनी त्याला सुनावलं होतं.

शेवटच्या फेरीच्या पट्ट्याला तीन बाजूंनी मातीचे उंच बांध. उघड्या बाजूला पिवळी फीत ताणलेली, फितीमागे चाळीस-पन्नास माणसं. संघात एकच जागा उरली होती, आणि सकाळपासून सून सगळ्यांच्या पुढे होती. दोन वर्षं दवाखान्याची वेळ सांभाळून, पहाटे उठून तिने याचसाठी घाम गाळला होता. आत ती एकटी उभी होती, दोन्ही हात खाली सोडून. तिच्या खांद्यामागे शिट्टीबाई. त्या रेंजच्या मुख्य पंच. गळ्यात शिट्टी, हातात टायमर, आणि चेहरा असा की हसू आलं तरी आधी परवानगी मागेल.

काका फितीपाशी पोचले. धाप लागली होती, पण वेळ होती. अजून टायमर वाजला नव्हता. नियम त्यांना तोंडपाठ होता: टायमर वाजण्याआधी पिस्तुलात दोष सांगितला तर दुरुस्तीला वेळ मिळतो, एक गुणही जात नाही. वाजल्यावर थांबलं, तर जेवढं झालं तेवढंच धरायचं. आता नुसतं "थांबा" म्हटलं की काम झालं.

"गोळ्या भरा," शिट्टीबाई म्हणाल्या.

काकांनी तोंड उघडलं. शेजारी उभा असलेला पंप दुरुस्तीवाला, क्लबातला सगळ्यात वाह्यात माणूस, वळून म्हणाला, "काय काका, सुनेचं रबर बघायला आलात?" दोघं-तिघं फिदीफिदी हसले.

बस. तेवढ्यानेच जीभ टाळ्याला चिकटली. आता म्हणायचं तरी काय? की मी, पाटी लावणारा मी, बघायला विसरलो? एक श्वास गेला. कदाचित तो तुकडा सकाळीच कुठेतरी बाहेर गळून पडला असेल. दुसरा श्वास. कदाचित काहीच होणार नाही.

"तयार?" शिट्टीबाईंनी विचारलं. सुनेने मान हलवली.

तिसरा श्वास. टायमर वाजला.

तिचा हात कमरेकडे गेला आणि पहिली गोळी सुटली. काका मोजू लागले. एक, दोन. ती डावीकडे सरकली. तीन, चार. ठोके घड्याळासारखे पडत होते. पाच. काकांनी फीत इतकी घट्ट धरली की ती तुटली. सहा.

सातवी आणि आठवी एकदमच सुटल्या. दोन आवाज एकमेकांवर चढले, आणि समोरच्या बांधाच्या वरच्या कडेच्या जेमतेम वीतभर खाली मातीचा फवारा उडाला. वीतभर वर गेली असती तर बांधापलीकडे रस्ता होता.

"थांब!" काका किंचाळले. तो आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "थांब गं! हलू नकोस!"

शिट्टी वाजली. सून जागच्या जागी थिजली. दोन्ही हात पुढे ताणलेले, बोट चापाबाहेर, नळी बांधाकडे. सात-आठ पावलांवरूनही काकांना दिसत होतं, स्लाइड पूर्ण मिटली नव्हती. अर्धवट अडकली होती, आणि फटीतून पितळ चमकत होतं. आत जिवंत गोळी. वर ताठ उभा घोडा. तो कशाच्या आधाराने उभा होता ते देवालाच ठाऊक.

"कुणीही पुढे यायचं नाही," शिट्टीबाई म्हणाल्या. "काका, तुम्ही या. फक्त तुम्ही."

काका गेले. ती सात-आठ पावलं जन्मभर पुरतील अशी होती.

"बाबा," मान न वळवता सून म्हणाली, "काय झालंय?"

"चापाला हात लावू नकोस."

"नाही लावलेला. काय झालंय?"

"आत काहीतरी अडकलंय." काका म्हणाले. "मॅगझीन काढ. हळू. नळी तिकडेच राहू दे."

गोळ्यांचं मॅगझीन खाली पडलं. त्या आवाजाने काका दचकले, ती दचकली नाही. पण तिच्या दंडाला बारीक कंप सुटला होता. ताणलेल्या हातांनी वजन किती वेळ धरणार?

"मला दे ते," काका म्हणाले.

"हातातून हातात नाही," शिट्टीबाईंनी झटक्यात अडवलं. "देताना सुटली म्हणजे?"

खरं होतं. मग एकच मार्ग उरला. तिने स्लाइड ओढायची, आणि तेवढ्या वेळात कुणीतरी घोडा अंगठ्याने मागे दाबून धरायचा, तो पडूच नये म्हणून. कुणीतरी म्हणजे कोण, काकाच. त्यांनी तिच्या शेजारून हात पुढे नेला. ज्या हाताने केसाएवढ्या खाचा घासल्या, तो हात वाऱ्यावरच्या पानासारखा लटलट कापत होता. अंगठा घोड्याला लागेना. अशा अंगठ्याने घोडा धरायचा, की पाडायचा?

"मला नाही जमायचं," काका पुटपुटले. "पोरी, मला नाही जमायचं गं."

मग तिचा आवाज बदलला. तो दवाखान्यातला आवाज होता. त्या खुर्चीत बसलेल्या काकांनी तो तीनदा ऐकला होता.

"नाकाने श्वास घ्या, बाबा. खांदे सोडा. आता मी सांगेन तेव्हाच. हलायचं नाही. एका मिनिटात संपणार आहे."

आणि गंमत बघा, काकांनी नाकाने श्वास घेतला. खांदे सोडले. अंगठा घोड्यावर बसला आणि त्यांनी तो जीव खाऊन मागे दाबला.

"धरलाय?"

"धरलाय."

"ओढतेय."

स्लाइड कुरकुरत मागे आली. तिच्या कडेने काकांच्या अंगठ्याची साल सोलून काढली, पण अंगठा सुटला नाही. गोळी बाहेर उडून मातीत पडली, आणि तिच्यामागून काहीतरी काळं, नखाएवढं, सुनेच्या बुटावर.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शिट्टीबाईंनी नळीत डोकावून तीनदा खात्री केली, तेव्हा कुठे फितीमागे लोकांनी श्वास सोडला. मग सगळ्यांच्याच जिभा सुटल्या. "रबर! बघा, रबरच!" पंपवाला तर काकांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "दहा वर्षं ओरडत होतात काका, आम्हीच गाढव! तुम्ही होता म्हणून डॉक्टर वाचल्या."

शिट्टीबाईंनी गुणांचा कागद पुढे ओढला. "सहा लक्ष्यं लागली, उरलेली शून्य. टायमरनंतर थांबलं की जेवढं झालं तेवढंच, डॉक्टर. माफ करा." सुनेने मान हलवली. संघातली जागा गेली. तिने खाली वाकून तो काळा तुकडा उचलला, बोटांत फिरवला आणि मिस्त्रीच्या टेबलाकडे चालू लागली.

"दोष," शिट्टीबाई लिहिता लिहिता म्हणाल्या, "रबर फाटलं. आजपासून या क्लबात रबर बंद. बरोबर ना, काका?"

दहा वर्षं काका हेच ऐकायला आसुसले होते. नुसती मान हलवली असती तरी झालं असतं. पन्नास माणसं त्यांच्याकडे कौतुकाने बघत होती. आणि काकांना आता जी भीती वाटली ना, ती मघाशी घोड्यावर अंगठा ठेवतानाही वाटली नव्हती. टेबलापाशी सून उभी होती. टेबलावर सांडलेला डबा, तुटकं रबर. हो, ते मुठीतून कधी पडलं ते काकांनाच कळलं नव्हतं; वाटेतच तिला सापडलं असणार. तिने दोन्ही तुकडे एकमेकांना लावून उजेडात धरले होते. ते जुळत होते. तिने काकांकडे पाहिलं. आणि काही म्हणाली नाही. चारचौघांत सासऱ्याची लाज काढायची नाही, असं तिने ठरवलं होतं. चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं.

तेच काकांना सहन झालं नाही.

"रबराचा दोष नाही, बाई," ते म्हणाले. "खोडा ते."

"म्हणजे?"

"रबर फाटतच असतं. म्हणून तर काढल्यावर बघायचं असतं. मी नाही बघितलं. सुट्टीत काढलं आणि रागाने फेकून दिलं. लिहा, मिस्त्रीची चूक."

पंपवाल्याचा पाठीवरचा हात हळूच निघाला. शिट्टीबाईंनी एक ओळ खोडली, दुसरी लिहिली.

घरी जाताना गाडी सून चालवत होती. काका शेजारी, अंगठ्याला पट्टी. सांगितलं तेवढं पुरे होतं खरं तर. उरलेलं कुणालाही माहीत नव्हतं आणि कधी कळलंही नसतं. चौकात गाडी थांबली, तेव्हा काका काचेतून बाहेर बघत म्हणाले, "मला आधी कळलं होतं."

"काय?"

"टायमर वाजायच्या आधी. मी फितीपाशी उभा होतो. तुझी जागा गेली नसती. हसतील म्हणून बोललो नाही."

दिवा हिरवा झाला. मागच्याने भोंगा वाजवला, तरी गाडी हलली नाही.

"किती आधी?"

"तीन श्वास."

तिने गाडी पुढे काढली. तिचे हात स्टिअरिंगवर होते, दहाही बोटं शाबूत. काका ती मोजत बसले, पुन्हा पुन्हा, घर येईपर्यंत.

घरी आल्यावर ती खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. काका स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून राहिले. हिने उद्या बोलणं सोडलं तर? हिने पिस्तूलच सोडलं तर? मुलाला काय सांगायचं? चहा समोर गार झाला.

तासाभराने दार उघडलं. तिचे डोळे लाल होते. तिने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, पिस्तूल ठेवलं, आणि काकांच्याच पद्धतीने एकेक भाग उलगडत गेली. स्लाइड, नळी, स्प्रिंग. मग दुपारी काकांनी घातलेलं, आठच गोळ्या खाल्लेलं रबर काढून तिने त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"यापुढे बसवणार मी," ती म्हणाली. "तुम्ही फक्त बघायचं. आणि बघून झालं की सांगायचं. मोठ्याने. कुणी हसलं तरी."

काकांनी रबर दिव्याखाली धरलं. फिरवलं. उलटं करून पुन्हा फिरवलं. कड बोटाने चाचपली.

"अख्खं आहे," ते म्हणाले. पण आवाज फुटलाच नाही.

"ऐकू नाही आलं, बाबा."

"अख्खं आहे!"

"पुन्हा," सून म्हणाली, आणि ते रबर परत बसवायला घेण्यासाठी तिने हात पुढे केला.